आमच्या तराजूत तेल बसत नाही

मार्गशीर्ष शुद्ध १, शुक्रवार. शके १८५६

माझा बैल मला न विचारता विकला. आधी हे लिहून ठेवते, मग देवाचं नाव. सिद्धरामेश्वर रागावणार नाही, त्याच्या दारात नंदी बसलेला आहे, बैलाचं त्याला कळतं.

बैलाचं नाव मल्ल्या. नऊ वर्षं आमच्या घाण्याला फिरला. परवा दुपारी मी बहिणीकडे गेले, परत आले तर दावं मोकळं. लाकडी घाणाही मोडून भिंतीला लावलेला. सिद्धलिंगप्पा, म्हणजे माझा मुलगा, मला समजावत होता की अव्वा, आता इंजिन येणार, एका वेळी दोन लोखंडी घाणे फिरवणार, आणि इंजिनाला वैरण लागत नाही. म्हटलं, मग काय लागतं? म्हणाला रॉकेल. म्हटलं, ती वैरण नाही तर काय आहे?

विकायच्या आधी मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही. एवढी अक्कल त्याला आहे.

ही वही इंजिनाच्या आधीच घरात आली. सात रस्त्यावरच्या इंजिनवाल्यानं दिली. जाड पुठ्ठा, आत रेघा मारलेल्या. तारीख, तास, डबे, शेरा. रोज इंजिन किती तास चाललं आणि रॉकेलचे किती डबे लागले ते लिहायचं. मुलाला वेळ नाही, सुंदरम्मा म्हणजे सून, ती अक्कलकोटकडची, तिला कानडी येतं, मराठी अक्षर येत नाही. मी दिवसभर घाण्याच्या दारात बसलेलीच असते. मला चार अक्षरं येतात. नवऱ्यानं तेलाच्या रांजणांवर कोळशानं गिरवून शिकवली होती. तो गेला, अक्षरं राहिली.

शेरा म्हणजे काय ते विचारलं. तर म्हणे, काही सांगण्यासारखं घडलं तर ते लिहायचं. मला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. रकाना लहान पडेल, मागची पानं घेईन.

मार्गशीर्ष शुद्ध ३, रविवार

इंजिन बसवलं. काळं, ठेंगणं, एका बाजूला केवढं मोठं चाक. त्याच्याबरोबर माणूसही आला, रावजी. मूळचा मंगळवेढ्याचा. इथल्या कापडाच्या गिरणीत बारा वर्षं बॉयलरवर होता. चाळिशीचा असेल. हात कोपरापर्यंत काळे, दात पांढरे. वाचता येत नाही, इंजिनाला कान लावतो आणि सांगतो. बायको सोजरबाई, मूलबाळ नाही. आल्या आल्या मला आज्जी म्हणाला. मी म्हटलं, मी तुझी आजी नाही, कामाला लाग.

इंजिनाच्या कागदावर इंग्रजीत लिहिलंय. इंजिनवाल्याच्या कारकुनानं वाचून सांगितलं की पुरा भार घातला तर तासाला आठ रत्तल रॉकेल खाणार. सिद्धलिंगप्पा म्हणाला, रत्तल म्हणजे वजन, ते मला काय करायचंय, बाजारात रॉकेल डब्यानं मिळतं. डबा किती तास पुरणार ते कळलं पाहिजे.

मग त्यानं केलं ते बरोबर केलं, असं मला तेव्हा वाटलं. रिकामा डबा घेतला, विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरला आणि पेंडीच्या तराजूवर चढवला. पेंडीचे व्यापारी रत्तलात घेतात, म्हणून रत्तली वजनं घरात आहेत. दुसऱ्या पारड्यात वजनांबरोबर एक रिकामा डबा ठेवला, म्हणजे पत्र्याचं वजन कटलं. पाणी भरलं चाळीस रत्तल. आठानं भागलं, पाच तास. दिवसाचे दहा तास इंजिन चालवायचं, म्हणजे दोन डबे. सोमवारी इंजिन बंद. मल्ल्या सोमवारी बसायचा, इंजिनही बसेल, हे मी आधीच ठणकावून सांगितलंय.

आमच्या घरात नवं भांडं आलं की पहिल्यांदा पाण्यानं मोजायचं. गळतंय का ते कळतं, किती मावतं ते कळतं, तेल वाया जात नाही. माझ्या सासूनं मला असंच शिकवलं, मी मुलाला शिकवलं. त्यानं पाणी ओतलं तेव्हा मी मान हलवली.

मार्गशीर्ष शुद्ध ६, बुधवार

काल पहिला दिवस. आवाज असा की शेजारच्या घरातली भांडी वाजतात. मी कानात कापूस घातला. तेल मात्र भराभर पडतं, ते नाकारत नाही.

दहा तास. अडीच डबे. आज पण दहा तास, अडीच डबे.

संध्याकाळी रावजी अर्धा डबा आणखी मागायला आला तेव्हा सिद्धलिंगप्पानं त्याच्याकडे पाहिलं. म्हणाला नवं इंजिन आहे, बसेल हळूहळू. रावजी म्हणाला, आवाज बराबर हाय, मालक, त्याला बसायचं काय बी न्हाय. मुलाला हे आवडलं नाही. मालकाला उलट बोलणारा नोकर मला आवडतो, पण तो दुसऱ्याचा असला तर.

मार्गशीर्ष शुद्ध ११, सोमवार

इंजिन बंद. कान मोकळे.

सहा दिवस झाले, साठ तास. डबे हवे होते बारा, लागले पंधरा. तीन डबे कुठे गेले? रिकामे डबे मी स्वतः ओळीनं लावून मोजले. पंधराच.

सिद्धलिंगप्पानं जेवताना मीठ दोनदा मागितलं, म्हणजे डोक्यात काहीतरी आहे. सुंदरम्मा म्हणाली कागदच चुकीचा असेल. म्हटलं, कागद विलायतेचा आहे, तुझ्या माहेरचा नाही.

मला विचाराल तर मला पहिल्या दिवसापासून तो माणूस खटकतो. फार हसतो.

मार्गशीर्ष शुद्ध १३, बुधवार

सोजरबाई दुपारी नवऱ्याची भाकरी घेऊन येते. पाटीत भाकरी, वर फडकं, फडक्याखाली बाटली. येताना बाटली भरलेली असते हे मी पाहिलं, जाताना रिकामी का भरलेली ते दिसत नाही. आज जाताना मी तिला दारात थांबवलं, बाटली काढून बूच उघडलं आणि वास घेतला. ताक. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच हातात रॉकेल आहे.

म्हणाली, "प्या की आज्जी, थोडं र्‍हायलंय."

मी प्याले नाही.

रावजीनं आज सांगितलं की त्यानं मल्ल्याला पाहिलं. तुळजापूर वेशीबाहेर एका कुणब्याकडे आहे, मोट ओढतो. मी विचारलं नव्हतं. नंतर विचारलं, मागचा डावा पाय टेकतो का नीट. म्हणाला टेकतो, मी रोज तिकडनंच येतो, मूठभर पेंड घालतो त्याला. पेंड आपलीच असणार. ते पण चोरीच.

मार्गशीर्ष पौर्णिमा, गुरुवार

डब्यांची खोली कुलूपबंद केली. किल्ली माझ्या कमरेला. सकाळी मी स्वतः दोन डबे मोजून देते, टाकीत ओततानाही समोर उभी राहते. बघू आता कसं पुरत नाही ते.

तिसऱ्या प्रहरी टाकी रिकामी. आणखी अर्धा डबा द्यावा लागला.

मार्गशीर्ष वद्य ४, सोमवार

चार दिवस किल्ली माझ्याकडे आहे. खोलीत दुसरं कुणी गेलं नाही. मी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. तरी दिवसाला अडीच डबे. म्हणजे तो टाकीतूनच काढतो. मी डोळा मिटते तेव्हा काढत असेल. पण मी डोळा कधी मिटते? आणि काढून ठेवतो कुठे? इंजिनघराचा कोपरा न् कोपरा पाहिला, पेंडीच्या पोत्यांमध्ये काठी खुपसून पाहिली. काही नाही. चोर फार हुशार असला की असंच होतं, काही सापडत नाही.

सिद्धलिंगप्पानं इंजिनवाल्याला विचारलं. तो म्हणाला कागद बरोबर आहे, आठ रत्तल म्हणजे आठ रत्तल, आणखी दोन ठिकाणी हेच इंजिन दिलंय, तक्रार नाही. तुमचा माणूस बघा.

रावजी आज सुट्टी असून चाक पुसायला आला होता. पुसता पुसता मला म्हणाला, "आज्जी, ल्हानपनापास्नं पान्याचे डबे खांद्यावर घेतल्यात मी. पान्याचा डबा घेतला की मान दबती. ह्यो रॉकेलचा तसा न्हाय, हलका हाय. येकदा भरल्याला डबा तराजूवर ठिवून बगा की."

मी म्हटलं, "हलका असणारच. वरचं तू प्यालास."

हसला. पण पुन्हा तेच म्हणाला, येकदा ठेवून बघा. मी सांगितलं की आमच्या तराजूत तेल बसत नाही. आमच्या घरात तेल मापानं जातं, पेंड तराजूवर जाते. तेलाचं भांडं पारड्यात ठेवायचं नाही, हे सासूचं सांगणं होतं, तिच्या सासूचंही असेल. मी या घरात आल्यापासून पन्नास वर्षं पाळलंय, तुझ्या अर्ध्या डब्यापायी मोडायचं? रॉकेल म्हणजे तेलच की.

तो म्हणाला, बरं. चाक पुसून गेला.

मार्गशीर्ष वद्य ७, गुरुवार

आज झालं ते लिहिते.

गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धरामेश्वराची, जवळ आली, शेंगा फोडून दाणे घेऊन बायांची रांग लागते. आज दहा-बारा जणी होत्या. तिसऱ्या प्रहरी नेहमीसारखं इंजिन फुरफुरायला लागलं आणि रावजी सगळ्यांसमोर माझ्याकडे अर्धा डबा मागायला आला. एक बाई म्हणाली, निंगव्वा, तुझं इंजिन तुझ्या बैलापेक्षा खादाड दिसतंय. बाया हसल्या.

मी म्हणाले, "इंजिन कशाला खादाड असेल? रोज अर्धा डबा कुणाच्या घरी जातो ते ह्याच्या सोजरबाईला विचारा."

हसणं थांबलं. सिद्धलिंगप्पा तिथंच उभा होता. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, पोत्याची गाठ सोडत राहिला.

रावजीनं हातातला पाना खाली ठेवला. चिंधीला हात पुसले, एकेक बोट पुसलं. इंजिन बंद केलं. मग माझ्यासमोर येऊन म्हणाला, "मी गेलो तरी ते तेवडंच खानार हाय, आज्जी. इंजानाला मानूस कळत न्हाय."

आणि गेला. चपला घालायला विसरला, मग मागं येऊन घालून गेला. बायांचे दाणे तसेच राहिले, उद्या या म्हणून सांगितलं.

जे खरं होतं ते बोलले. आठ तास. डबे दोन.

मार्गशीर्ष वद्य ८, शुक्रवार

इंजिन बंद. चालवणार कोण. शांतता एवढी की मला आत कुणी घाणा फिरवतंय असं वाटून मी दोनदा उठले.

सुंदरम्मा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि जाते.

मार्गशीर्ष वद्य ९, रविवार

नवा माणूस आला, चन्नप्पा. माझ्या बहिणीचा नातू, घरचा. बार्शीला कापसाच्या जिनात इंजिनावर होता. लिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नाही. ह्याच्याकडे कुलूप लागणार नाही.

काल आणि आज मिळून वीस तास. पाच डबे.

पौष शुद्ध १, रविवार

मंगळवारपासून आजपर्यंत चन्नप्पानं साठ तास चालवलं. डबे पंधरा.

सिद्धलिंगप्पा सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, अव्वा, हा पण? म्हटलं, जीभ हासडीन, माझ्या बहिणीचा नातू आहे. तर म्हणाला, रावजी कुणाचा तरी नातू होताच.

मग त्याला वाटतं की जाताना रावजीनं इंजिनात काहीतरी करून ठेवलं असेल. मला तसं वाटत नाही. तो ते चाक पुसायचा तेव्हा मी पाहिलंय. मी मल्ल्याची पाठ तशी पुसत होते.

हे का लिहिलं कुणास ठाऊक. राहू दे.

पौष शुद्ध २, सोमवार

इंजिन बंद. आजचं सगळं नीट लिहायचं आहे, म्हणून भाकरी खाऊन बसले.

यण्णीमज्जनाला, म्हणजे जत्रेत अडुसष्ट लिंगांना तेलानं न्हाऊ घालतात त्या दिवसाला, आमच्याकडून दरवर्षी एक घागर तेल जातं. तांब्याची घागर, ह्याच कामाची, वर्षभर फळीवर असते. सकाळी सुंदरम्मानं ती चिंचेनं घासली, विहिरीवरून भरून आणली, अंगणात ओतून धुतली. मग पालथी घालून वाळवली आणि मी तिच्यात रांजणातलं तेल घातलं, त्याच काठापर्यंत. ती उचलून देवघरात न्यायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली.

म्हणाली, "अव्वा, हीच घागर सकाळी मला डोक्यावर जड झाली होती. आता हलकी लागते."

दहा दिवसांनी पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, आणि बोलली ते असं. मी खेकसले, "तेल पाण्याहून हलकं असतं, म्हणून पाण्यावर तरंगतं. तेल्याच्या घरात येऊन बारा वर्षं झाली तुला, आता मी शिकवायचं?"

सुंदरम्मा घागर घेऊन तशीच उभी राहिली. मी पण.

रोज सकाळी समईत पाणी घालून वर तेल घालणारी मी. पन्नास वर्षं. वात लावायची आणि तेल वर येतं ते बघायचं. आणि रॉकेल तर आमच्या तेलापेक्षाही पातळ.

मी तिला म्हटलं, घागर ठेव आणि सिद्धलिंगप्पाला बोलाव. तराजू मांडायचा आहे.

तो आला तेव्हा मी किल्ली काढून रॉकेलचा भरलेला डबा बाहेर काढायला लावला. पारडं धरून म्हटलं, ठेव. तो म्हणाला, अव्वा, तेल? म्हटलं, ठेव म्हणते ना. त्यानं जपून ठेवला, खाली फडकं घालून, जणू पारडं भाजणार होतं. दुसऱ्या बाजूला रिकामा डबा आणि चाळीस रत्तल. वजनांची बाजू खाली गेली. पाच काढले, तरी खालीच. आणखी दोन काढले. आणखी एक. काटा सरळ झाला.

बत्तीस रत्तल.

बत्तिसाला आठानं भागलं की चार. डबा चार तासांचा, पाच तासांचा नव्हेच. दहा तासांना अडीच डबे. साठ तासांना पंधरा. थेंब इकडे नाही की तिकडे नाही. इंजिन पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलंय तेवढंच खात होतं. आम्ही डब्यात पाणी तोललं आणि इंजिनाला रॉकेल घातलं.

सिद्धलिंगप्पा पोत्यावर बसला. सुंदरम्मा तोंडाला पदर लावून उभी. हसत होती की काय ते पाहिलं नाही.

डबा काढला तर पारड्याला रॉकेल लागलं होतं. मी पुसलं तरी ओशटपणा जाईना. त्याच पारड्यात पेंडीचा तुकडा टाकला, तो चिकटला. मग मला कळलं की सासूचं ते सांगणं कशासाठी होतं. पारडं तेलकट झालं की पेंड चिकटते आणि तोल चुकतो. एवढंच. ह्यात ना देव ना धर्म. मी मात्र पन्नास वर्षं ते असं सांभाळलं की एकदा डबा ठेवून बघ म्हणणाऱ्या माणसाला हाकललं.

त्यानं सांगितलं होतं. खांद्यावरून सांगितलं होतं. मी तर जन्मभर कमरेपर्यंत तेलात उभी, मला कळायला हवं होतं. कळलं नाही असंही नाही. मला ते इंजिन नको होतं, आणि ज्याला ते आवडत होतं तोही नको होता.

पौष शुद्ध ३, मंगळवार

सिद्धलिंगप्पाचं म्हणणं, आता गाजावाजा कशाला. रावजीला निरोप पाठवू, कामावर ये. कुणी विचारलं तर सांगू की कागदात चूक होती, इंजिनवाल्यानं नीट सांगितलं नाही. मी विचारलं, कागदात काय चूक होती? आठ लिहिलंय, आठच खातंय.

चन्नप्पाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला तर बार्शीला तेव्हाच माहीत होतं, रॉकेलचा डबा बत्तीस रत्तलच भरतो. म्हटलं, मग दहा दिवस तोंडात काय धरलं होतंस? तर म्हणे, तुम्ही विचारलं नाही, आज्जी, आणि मला वाटलं तुम्ही तेलाच्या घरच्या.

त्यालाच रावजीच्या घरी पाठवलं. परत येऊन सांगतो की रावजी नाही. आमच्याकडून गेल्यावर दोन ठिकाणी इंजिनावर काम मागितलं. दोन्हीकडे आधीच कळलं होतं, रॉकेल चोरतो म्हणून. रांगेत दहा-बारा बाया होत्या, त्यातल्या प्रत्येकीला घर आहे, घरात नवरा आहे. आता मंगळवेढ्याला कुणाच्या तरी ज्वारीत पाखरं हाकायला गेलाय. बारा वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस गोफण घेऊन माळावर उभा आहे.

दहा तास, अडीच डबे. हे आता लिहायचं काय कारण.

पौष शुद्ध ५, गुरुवार

आज सोजरबाई आली. पाटी नव्हती, हात मोकळे. चन्नप्पानं तिला बत्तीस रत्तलांचं सांगितलं होतं, तिनं ते नवऱ्याला कळवलं होतं. मी बस म्हटलं, बसली नाही. सुंदरम्मानं पाणी दिलं, घेतलं.

तिनं नवऱ्याचा निरोप सांगितला. तो शनिवारी येतोय इकडे. काम घ्यायला नव्हे, घरातलं सामान गावाकडे न्यायला. मग मी विचारलं, आणि काम दिलं तर? ती म्हणाली, "मला न्हाय ठावं. ते म्हंत्यात, चोर म्हनलं ते रांगंत म्हनलं. न्हाय म्हनायचं असंल तर ते बी रांगंत म्हना. घरात बोलावून कानात सांगायचं आसंल तर सांगू नका."

मी म्हटलं, बरोबर आहे.

तिला हे अपेक्षित नसावं. बोलायला आणखी तयारी करून आली होती, ती तिच्या तोंडातच राहिली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, बाटलीतलं ताक तुम्ही प्याला न्हाईत. म्हटलं, हो, नाही प्याले. म्हणाली, ग्वाड होतं. आणि गेली.

तिच्या गल्लीत लहान पोरं तिला रॉकेलवाली म्हणतात, हे तिनं सांगितलं नाही. चन्नप्पानं सांगितलं.

मल्ल्याला आता पेंड कोण घालतं, हे विचारायचं राहिलं. वेशीबाहेर मीच जाऊन येईन जत्रा झाली की. लांब नाही.

पौष शुद्ध ६, शुक्रवार

उद्या शनिवार, परवा यण्णीमज्जन. म्हणजे उद्या सगळ्यात लांब रांग. त्या दिवशीच्या बाया असतील आणि आणखी असतील.

सिद्धलिंगप्पा आज दिवसभर माझ्याशी भांडला. म्हणाला, अव्वा, लोक हसतील. तेल्यांना तेलाचं वजन कळलं नाही म्हणतील. म्हटलं, म्हणतील. खरंच आहे. म्हणाला, मग मी बोलतो, मालक मी आहे, पाणी मी तोललं. म्हटलं, तोललंस तू, मान मी हलवली, आणि तोंड माझं सुटलं. तू तेव्हा पोत्याची गाठ सोडत होतास, उद्याही सोड. म्हणाला, तुझं वय काय, तू कशाला. म्हटलं, चोर म्हणताना वय कुणी विचारलं नाही.

तर हे मी वहीत लिहून ठेवते, म्हणजे सकाळी कुणी ऐकलं नाही म्हणायला नको. सिद्धलिंगप्पानं वाचायचं आणि सुंदरम्माला कानडीत सांगायचं.

उद्या सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी तराजू दारात, रस्त्याच्या तोंडाशी टांगायचा. एका पारड्यात पाण्यानं भरलेला डबा, दुसऱ्यात रॉकेलचा. वजनं नकोत. बायांना आकडे सांगून उपयोग नाही, पारडं खाली गेलेलं दिसलं की बास. पारडं नंतर चन्नप्पानं राखेनं घासायचं, दोनदा. सुंदरम्मानं ताक करून ठेवायचं, गोड. रावजी आला की त्याला आत न्यायचं नाही, रांगेत जागा करायची आणि तिथंच उभा राहू द्यायचा. सोजरबाईला त्याच्या शेजारी.

मग कुणीतरी विचारणारच, निंगव्वा, हा तमाशा कशाला मांडलाय. ती बैलावरून हसलेली बाई तर नक्कीच विचारील. रावजीही विचारील, विचारू दे, त्याचा हक्क आहे.

तेव्हा कुणीही मध्ये बोलायचं नाही. सिद्धलिंगप्पा, तू नाही. चन्नप्पा, बार्शीचं शहाणपण तुझ्यापाशी ठेव. इंजिनवाल्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, कागदाचं नाही, सासूचं नाही. उत्तर मी द्यायचं, उभं राहून, आणि मी बोलून संपेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही.